रुआपेहूचा बांध: चर खणायचा की भोंगा लावायचा?

न्यूझीलंडमधला रुआपेहू ज्वालामुखी जरा कुरकुरला, त्याच्या माथ्यावरचा तलाव तापला, की पाव शतकापूर्वीचा एक वाद पुन्हा उकरून काढावासा वाटणारे लोक दोन्हीकडे तयारच असतात. एक बाजू म्हणते, हा तलावच सगळ्या धोक्याचं मूळ आहे. वर यंत्रं न्या, चर खणा, पाणी काढून टाका. माणसांच्या जिवापुढे राष्ट्रीय उद्यानाचे नियम आणि डोंगराचं पावित्र्य काय घेऊन बसलात? दुसरी बाजू म्हणते, हे राष्ट्रीय उद्यान आहे, जागतिक वारसा आहे, इथले मूळ रहिवासी असलेल्या माओरींच्या दृष्टीनं हा डोंगर त्यांचा पूर्वज आहे. त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या. दोन्हीकडून त्वेषानं बोललं जातं आणि मूळ हिशेब मात्र कोणीच मांडत नाही. पाणी कुठून सुटतं, किती वेळात कुठे पोचतं, आणि तेवढ्या वेळात खालची माणसं काय करू शकतात, हा तो हिशेब.

माझं मत आधीच सांगतो. १९९५-९६च्या उद्रेकांनंतर न्यूझीलंडनं विवराच्या काठाला हात न लावता खाली इशाऱ्याची यंत्रणा उभी केली, हा निर्णय बरोबर होता. पण डोंगर पवित्र आहे एवढ्यानंच तो बरोबर ठरत नाही, आणि २००७ साली तलाव फुटला तेव्हा कोणी मेलं नाही एवढ्यानंही नाही. चर हा एकाच प्रकारच्या पुरावरचा उपाय होता आणि इशारा त्या खोऱ्यातून येणाऱ्या प्रत्येक पुरावरचा, म्हणून तो बरोबर होता. या निर्णयाला एक किंमतही आहे. ती एकदा भरून संपत नाही, आणि त्याचे समर्थक तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत.

आधी डोंगर नीट पाहू. रुआपेहू २,७९७ मीटर उंच, न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर. त्याच्या उत्तरेला न्गाउरुहोए आणि टोंगारिरो. हे तिन्ही जिवंत ज्वालामुखी टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानात येतात. न्गाती तुव्हारेतोआ जमातीचे प्रमुख ते हेउहेउ तुकिनो चौथे यांनी १८८७ मध्ये या शिखरांबाबत ब्रिटिश राजसत्तेशी जो व्यवहार केला, त्यातून १८९४ मध्ये देशातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. १९९० मध्ये निसर्गासाठी आणि १९९३ मध्ये संस्कृतीसाठी ते जागतिक वारसा यादीत गेलं. सांस्कृतिक भूप्रदेश म्हणून त्या यादीत आलेली जगातली ही पहिली जागा. रुआपेहूच्या माथ्यावर सुमारे २,५३० मीटर उंचीवर विवर-तलाव आहे. पाणी कडक आम्ल. तापमान साधारण १५ ते ४५ अंश सेल्सियसच्या दरम्यान महिनोन्‌महिने वर-खाली होत राहतं. तलावाला एकच सांडवा आहे, आणि तिथून बाहेर पडलेलं पाणी व्हांगाएहू नदीत जातं.

या सांडव्याचा उंबरठा लाव्ह्याच्या घट्ट खडकाचा आहे. तलाव तिथवर भरला की पाणी शांतपणे ओसंडतं, त्यात धोका काही नाही. मोठा उद्रेक झाला की दोन गोष्टी एकदम होतात. तलावातलं पाणी बाहेर फेकलं जातं, आणि राख, खडी, दगड यांचा थर त्या उंबरठ्यावर साचतो. खडकाच्या सांडव्यावर जणू मातीचा कच्चा बांध बसतो. पुढची काही वर्षं पाऊस आणि वितळलेला बर्फ तलाव भरत राहतात. पाणी खडकाच्या उंबरठ्याखाली असेपर्यंत काळजी नाही. ते त्याच्या वर चढलं की भार राखेवर येतो. हा बांध कोणी धुम्मस करून दाबलेला नसतो, त्यात चिकणमातीचा गाभा नसतो. पाणी आतून झिरपायला लागतं, झिरपताना बारीक कण सोबत नेतं, पोकळीची नळी होते, नळीचं भगदाड होतं. भगदाड पडल्यावर लाखो घनमीटर पाणी सुटायला फार वेळ लागत नाही.

सुटलेलं पाणी पाणी राहत नाही. उतारावरची राख, बर्फाचे तुकडे, दगडगोटे उचलत ते फुगत जातं आणि ओल्या काँक्रीटसारखं दाट होतं. घराएवढ्या धोंडी त्यात वाहून येतात. याला लाहार म्हणतात. शब्द जावाच्या भाषेतला आहे, आणि जावाकडे मी पुढे येणारच आहे.

१९४५च्या उद्रेकानं असाच बांध मागे ठेवला होता. तो आठ वर्षं टिकला. २४ डिसेंबर १९५३च्या रात्री आठच्या सुमारास फुटला. लाहार व्हांगाएहूच्या पात्रातून उतरत दोनेक तासांनी टांगीवाईच्या रेल्वे पुलापाशी पोचला आणि पुलाचे आधारखांब त्यानं उखडले. काही मिनिटांतच, १० वाजून २१ मिनिटांनी, वेलिंग्टनहून ऑकलंडला निघालेली रात्रीची एक्सप्रेस पुलावर आली. गाडीत २८५ माणसं होती, नाताळसाठी घरी निघालेली. सिरिल एलिस नावाचा एक टपाल कर्मचारी मोटारीनं तिथे आला होता. पूल गेलेला पाहून तो हातातली विजेरी हलवत रुळांच्या कडेनं गाडीकडे धावला. चालकानं ब्रेक लावले, पण अंतर उरलं नव्हतं. १५१ माणसं गेली. चौकशीत कोणा एकावर दोष ठेवला गेला नाही.

या घटनेतली दोन तासांची जागा नीट पाहावी, कारण माझा सगळा युक्तिवाद त्या दोन तासांवर उभा आहे. बांध आठला फुटला, पूल दहानंतर पडला. मधल्या वेळात ही बातमी फक्त नदीला ठाऊक होती. डोंगरावर तिची नोंद घेणारं काही नव्हतं, आणि घेतली असती तरी ती स्टेशनमास्तरपर्यंत पोचवणारी तार नव्हती. टांगीवाईला माणसं पाण्यानं मारली हे खरंच. पण दोन तास हाताशी असून ते कोणाच्या कामी आले नाहीत, हेही तितकंच खरं आहे.

१९९५ आणि १९९६च्या उद्रेकांनी तलाव पुन्हा रिकामा केला आणि उंबरठ्यावर सुमारे सात मीटरचा नवा राखेचा बांध ठेवला. आता सगळ्यांना पुढचं दिसत होतं. तलाव भरणार, पाणी राखेला टेकणार, आणि टांगीवाईची पुनरावृत्ती होऊ शकणार. राष्ट्रीय उद्यान ज्यांच्या ताब्यात आहे त्या डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनसमोर बरेच पर्याय आले, पण खरा वाद दोनच पर्यायांत होता. एक, यंत्रं वर नेऊन राखेच्या बांधातून खडकाच्या उंबरठ्यापर्यंत चर खणायचा, म्हणजे पाणी कधी साचणारच नाही. दोन, बांध आहे तसा ठेवायचा, तो फुटणार हे धरून चालायचं, आणि फुटल्याची बातमी काही सेकंदांत खाली पोचेल अशी यंत्रणा लावायची. सरकारनं दुसरा पर्याय निवडला. टीकाकारांनी त्याला जिवांशी जुगार म्हटलं.

टीकाकारांचा मुद्दा फुसका नव्हता. तो त्यांच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचा तर जावातल्या केलूद ज्वालामुखीचं उदाहरण घ्यावं लागेल. केलूदच्या विवरातही तलाव होता, सुमारे चार कोटी घनमीटरचा. मे १९१९ मध्ये उद्रेक झाला, ते पाणी एकदम बाहेर फेकलं गेलं आणि लाहारांनी पाच हजारांहून अधिक माणसं मारली. त्यानंतर डच अभियंत्यांनी विवराच्या भिंतीतून बोगदे काढून तलावाची पातळी खूप खाली आणली. पुढच्या, १९५१च्या उद्रेकात तलाव लहान असल्यानं लाहारांची हानी थोडी झाली. त्याच उद्रेकानं मात्र बोगदे निकामी केले आणि विवर खोल केलं. तलाव पुन्हा वाढला, आणि १९६६च्या उद्रेकात दोनशेहून अधिक माणसं गेली. नवा बोगदा खणला गेला, आणि १९९०च्या उद्रेकात तलावाच्या पाण्यानं तसा संहार केला नाही. एकाच डोंगरावर बोगदा असताना आणि नसताना काय होतं, याचा याहून स्पष्ट पुरावा कुठे मिळणार? १९९२ मध्ये इटलीतल्या एटना ज्वालामुखीवरही बांध घालून, स्फोट घडवून लाव्ह्याची धार मुळापाशी वळवली गेली आणि झाफेराना गाव वाचलं. तेव्हा ‘ज्वालामुखीवर माणसाचं काही चालत नाही’ हे म्हणणं सरळ खोटं आहे. चालतं.

दुसरा मुद्दा त्याहून बोचरा. इशारा देणारं यंत्र म्हणजे शेवटी वायर, बॅटरी आणि रेडिओ. हिवाळ्यात २,५०० मीटरवर ओलं धुकं वारा घेऊन येतं आणि अँटेना, सौर पट्टी, कुंपण, सगळ्यावर हातभर जाड पांढरा बर्फ चढवतं. विजा पडतात. आम्ल वाफा जोडण्या खातात. ऐन वेळी रेडिओ संदेश पुढे पाठवणारा एक पुनःप्रक्षेपक बंद असेल तर? चर एकदा खणला की त्याला बॅटरी लागत नाही. हा आक्षेप ऐकून ‘तंत्रज्ञान आता खूप सुधारलं आहे’ एवढंच जे म्हणतात, त्यांनी कधी डोंगरावरचं केंद्र चालवलेलं नसावं.

तरीही रुआपेहूवर चर नको होता. कारण केलूद आणि रुआपेहू यांच्यात दोन्हीकडे तलाव आहे एवढंच साम्य, आणि धोक्याचा हिशेब त्या साम्यावर होत नाही. केलूदच्या उतारावर दाट वस्ती आहे, शेतं आहेत, गावं नद्यांच्या काठाला चिकटून आहेत. तिथे लाहार काही मिनिटांत पहिल्या घरांवर येतो. लाखो माणसं इतक्या वेळात कुठे हलवणार? वेळ नाही, जागा नाही, मग पाणीच कमी करणं हा एकच मार्ग उरतो. व्हांगाएहूचं वरचं खोरं जवळजवळ ओसाड आहे. पात्राच्या वाटेवर माणसाच्या मोजक्या वस्तू येतात: एक रेल्वे पूल, हमरस्त्याचे पूल, पुढे थोडी शेतं. या वस्तूंवरून माणसं बाजूला करायला फाटक पाडावं लागतं आणि गाडीला सिग्नल द्यावा लागतो. त्यासाठी दोन तास आहेत. जिथे वेळ मुबलक आणि माणसं थोडी, तिथे वेळ वापरावा. जिथे वेळ नाही आणि माणसं फार, तिथे पाण्याला हात घालावा. ही भेदरेषा न आखता केलूदचा दाखला रुआपेहूला लावणं म्हणजे एका रोग्याचं औषध दुसऱ्याच्या घशात ओतणं.

याहून मोठं कारण पुढे आहे. बांध फुटून येणारा लाहार हा रुआपेहूवरच्या लाहारांचा एक प्रकार, आणि तोही तुलनेनं विरळा. उद्रेक थेट तलावातून झाला की पाणी काठावरून उसळून बाहेर पडतं. त्याला बांध असो, चर असो, काही फरक पडत नाही. १९६९, १९७१, १९७५ या उद्रेकांत असेच लाहार आले. १९९५ मध्ये तर एकामागून एक आले. चर खणला असता तर यांतला एकही थांबला नसता. डोंगरावर चर आहे या भरवशावर पुलापाशी यंत्रणा बसली नसती, आणि उद्रेकातून आलेला पुढचा लाहार पुन्हा कोणाला न कळता पुलाशी पोचला असता. त्याउलट जिओफोन जमिनीची थरथर मोजतो. ती बांध फुटल्यामुळे आहे की उद्रेकामुळे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

शिवाय चर खणायचा म्हणजे नेमकं काय, हे पाहावं. खोदयंत्र सुटं करून हेलिकॉप्टरनं वर न्यायचं, विवराच्या काठावर जोडायचं, उन्हाळ्याच्या थोड्या उघडिपींत आठवडेच्या आठवडे चालवायचं. खाली गरम आम्ल तलाव, आणि त्या तलावातून पूर्वसूचनेशिवाय स्फोट होऊ शकतो हे माहीत. खालच्या प्रवाशांचा धोका कमी करण्यासाठी वरच्या कामगारांचा धोका वाढवायचा, हे गणित किती जणांनी मांडलं? सैल राखेत कापलेल्या चराचे काठही ढासळतात. तलाव त्या पातळीला आल्यावर चर खणला तर पाणी तोच चर खरवडत खोल करतं, आणि टाळायचा तो पूर आपणच सोडून बसतो. सगळं नीट पार पडलं असं धरलं, तरी पुढचा उद्रेक नवी राख टाकणार. मग पुन्हा यंत्र, पुन्हा माणसं. बॅटरी लागत नाही म्हणून चर कायमचा, हा समज इथेच कोसळतो. केलूदचा पहिला बोगदाही कायमचा नव्हता. १९५१ ते १९६६च्या दरम्यान लोकांनी ते भोगलं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण निर्णय त्यांच्या मनासारखा झाला म्हणून त्यांचा युक्तिवाद बरोबर ठरत नाही. ‘निसर्गाला त्याच्या वाटेनं जाऊ द्या’ हे या उद्यानात कोणत्या तोंडानं म्हणायचं? याच डोंगराच्या उतारांवर व्हाकापापा आणि तुरोआ ही स्कीची मैदानं आहेत. तिथे लोखंडी मनोरे आहेत, दोरवाटा आहेत, इमारती आहेत. उद्यानात काहीही बांधायचं नाही असा नियम असता तर हे उभं राहिलं नसतं. १९८०चा नॅशनल पार्क्स अॅक्टही उद्यान ‘शक्य तितकं’ नैसर्गिक स्थितीत राखायला सांगतो. ‘शक्य तितकं’ या शब्दांत वजन-मापाला जागा आहे. खाली पूल वाहून जाणार असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर चर खणावाच लागला असता, आणि तसं म्हणणारा माणूस निसर्गाचा वैरी ठरत नाही.

माओरींच्या भूमिकेची तर दोन्ही बाजूंनी ओढाताण केली. एकानं तिला अंधश्रद्धा म्हणून उडवलं, दुसऱ्यानं तिचा झेंडा केला. न्गाती रांगी ही व्हांगाएहूच्या काठची जमात. विवरावर यंत्रं चालवायला तिचा विरोध होता. त्या विरोधात पूर्वजाबद्दलचा आदर तर होताच, पण एक साधं व्यवहारज्ञानही होतं: ही नदी अशीच वाहते, तिचं पात्र मोकळं ठेवा, पात्रात स्वतःला अडकवू नका. टांगीवाई या नावाचा अर्थच ‘रडणारं पाणी’ असा आहे, आणि ते नाव रेल्वेपेक्षा जुनं आहे. नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांनी पाण्याच्या स्वभावाची केलेली नोंद अभियंत्यानं आधारसामग्री म्हणून वाचली पाहिजे. पुराच्या पात्रात बांधकाम नको, हे आज कुठल्याही धोका-नियोजनाचं पहिलं कलम असतं. मग तेच जमातीनं म्हटलं की भावना, आणि अहवालात छापलं की शास्त्र, असं का?

निर्णयानंतर जे उभं राहिलं त्याचा तपशील महत्त्वाचा आहे, कारण ‘अलार्म लावला’ या दोन शब्दांत त्यातलं काहीच येत नाही. वर तलावाची पातळी मोजणारं यंत्र आणि जमिनीची थरथर पकडणारे जिओफोन बसले. जिओफोन एकाच ठिकाणी ठेवले नाहीत. बर्फाचा कडा कोसळला, भूकंप झाला, तरी एका ठिकाणी थरथर होतेच. लाहारची थरथर मात्र टिकून राहते आणि वरून खाली एकेका केंद्रावर सरकत जाते. खोट्या इशाऱ्यापासून खरा वेगळा काढायचा तो असा. नदी जिथे काठ ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात, टोंगारिरो नदीच्या बाजूला, घुसू शकत होती तिथे मातीचा बंधारा घातला. टांगीवाईपाशी रस्त्याचा पूल मजबूत केला, रस्त्यावर फाटकं आणि दिवे लावले, रेल्वेच्या नियंत्रण कक्षाला इशारा थेट जोडला. तलाव वर चढू लागला तशा सज्जतेच्या पायऱ्या ठरवल्या, आणि कोणत्या पायरीला कोण कुठे उभं राहणार हेही ठरवलं. बंधारा आणि पुलाचं काम पाहता, ‘डोंगराला हात लावला नाही’ म्हणजे काहीच केलं नाही असा अर्थ होत नाही. हात खाली, पात्रात लावला.

जानेवारी २००७पासून बांधाच्या पोटातून पाणी झिरपताना दिसत होतं. १८ मार्चला सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास तो फुटला, पाणी त्याच्या माथ्याला टेकायच्या आधीच. चौदाएक लाख घनमीटर पाणी बाहेर पडलं. यंत्रणेनं इशारा दिला, रस्ते बंद झाले, गाड्या थांबल्या, आणि लाहार दोनेक तासांनी टांगीवाईच्या पुलाखालून गेला तेव्हा पुलावर कोणी नव्हतं. १९५३ मध्ये जे दोन तास वाया गेले होते ते या वेळी वापरले गेले. कोणालाही इजा झाली नाही.

समर्थक इथे थांबतात. मला इथे थांबता येत नाही, कारण सहाच महिन्यांनी त्याच डोंगरानं या यंत्रणेची मर्यादा दाखवून दिली. २५ सप्टेंबर २००७च्या रात्री साडेआठच्या आसपास तलावातून अचानक स्फोट झाला. मुख्य स्फोट मिनिटभराचाही नव्हता. त्याआधी तलाव तापला नव्हता, उलट थंड होता. म्हणजे तापमान पाहून अंदाज बांधणाऱ्याला डोंगर शांतच वाटला असता. काठाजवळच्या निवाऱ्यात दोन गिर्यारोहक मुक्कामाला होते. धोंडा-चिखल आत घुसला आणि त्यातल्या एकाला पाय गमवावा लागला. एक लाहार स्कीच्या मैदानाकडेही उतरला. रात्र होती, उतारावर स्की करणारं कोणी नव्हतं. दुपारी हे झालं असतं तर?

विवरापासून पाच-सातशे मीटरवर कुठल्याही भोंग्याचा उपयोग नाही. भोंगा वाजेपर्यंत दगड पडलेला असतो. स्कीच्या मैदानावर हाती मोजकी मिनिटं असतात. तिथे भोंगा उपयोगी आहे, पण ऐकणाऱ्याला काय करायचं हे आधीच माहीत असेल तरच. दरी सोडायची, जवळच्या उंचवट्यावर चढायचं, खाली पळायचं नाही. कारण खाली पळणारा लाहारच्याच वाटेनं पळतो. आणि माणसाची पहिली ओढ नेमकी खाली, गाडीकडे, पायथ्याकडे असते. म्हणून तिथे सरावाच्या चाचण्या घेतल्या जातात, आणि भोंगा वाजूनही दरीतच रेंगाळणारे काही जण त्यांत आढळले आहेत. टांगीवाईला तास असतात. तिथे फाटक पुरतं. एकाच डोंगरावर अंतराप्रमाणे तीन वेगळे उपाय लागतात. ‘उद्यान उघडं ठेवायचं की बंद’ असा एकच प्रश्न विचारणारे हे तिन्ही एका पिशवीत घालतात.

यातूनच सध्याचा सगळ्यात घातक गैरसमज येतो, धोक्याच्या पातळीचा. न्यूझीलंडमध्ये ज्वालामुखीसाठी ० ते ५ अशी पातळी जाहीर होते. १ आणि २ म्हणजे अस्वस्थता, ३ ते ५ म्हणजे उद्रेक चालू आहे आणि तो केवढा आहे. ही पातळी डोंगर आत्ता काय करतो आहे ते सांगते, उद्या काय करेल ते सांगत नाही. लोक मात्र ती हवामानाच्या अंदाजासारखी वाचतात: २ म्हणजे ५ पैकी २, म्हणजे अजून बरंच बाकी. ९ डिसेंबर २०१९ला न्यूझीलंडच्याच व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर पातळी २ होती. स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसं होती, त्यांतली २२ गेली. जपानच्या ओंताके पर्वतावर सप्टेंबर २०१४ मध्ये पातळी १ होती, पाचपैकी सगळ्यात खालची. मृत आणि बेपत्ता मिळून ६३. व्हाकारी हे राष्ट्रीय उद्यान नव्हतं, ते खाजगी मालकीचं बेट होतं. म्हणून काही जण म्हणतात, त्याची तुलना इथे गैरलागू. मालकी वेगळी होती हे खरं, पण चूक तीच होती: विवराच्या काठावर माणसं नेताना पातळीच्या आकड्याला परवानगी मानलं गेलं.

टोंगारिरोनं याचं उत्तर थोडं वेगळं दिलं आहे, आणि ते मला जास्त पटतं. ६ ऑगस्ट २०१२ला मध्यरात्रीच्या थोडं आधी ते मारी विवरातून, शंभरहून अधिक वर्षांच्या शांततेनंतर, स्फोट झाला. दोन किलोमीटरपर्यंत दगड उडाले. एक दगड केतेताही झोपडीच्या छतातून थेट झोपायच्या फळ्यांवर आला. तिथून देशातली सगळ्यात गजबजलेली एक दिवसाची पायवाट जाते, सुमारे २० किलोमीटरची. ऐन हिवाळ्यातली रात्र म्हणून वाट मोकळी होती. त्यानंतर त्या झोपडीतला रात्रीचा मुक्काम बंद झाला, वाटेचा तो भाग कित्येक महिने बंद राहिला आणि पूर्ण वाट मे २०१३ मध्ये खुली झाली. झोपणारा माणूस एका जागी आठ तास असतो, चालणारा त्या पट्ट्यातून तासाभरात निघून जातो. म्हणजे वाट खुली ठेवूनही मुक्काम काढला की तिथल्या माणसाचा धोका कित्येक पटींनी उतरतो. संपूर्ण बंदी मागणाऱ्यांच्या आणि ‘ज्याचा त्याचा जीव’ म्हणणाऱ्यांच्या घोषणांत हा हिशेब बसत नाही. रुआपेहूवर २०२२च्या मार्चमध्ये पातळी २ झाली तेव्हाही सगळं उद्यान बंद केलं नाही. तलावाच्या मध्यापासून दोन किलोमीटरचं वर्तुळ बंद केलं.

राहिली किंमत. बांध फोडायचा नाही असं ठरवणाऱ्यानं त्याच दिवशी एक कायमचं कंत्राट स्वतःवर घेतलेलं असतं. दर हिवाळ्यात अँटेनावरचा बर्फ कोण काढणार? दहा-पंधरा वर्षांनी रेडिओचं मॉडेल बाजारातून गेलं की सगळी साखळी बदलायचा पैसा कोणत्या खात्यातून येणार? फाटकाची चाचणी शेवटची कधी झाली? रात्री तीनला इशारा आला तर गाडी थांबवायला नियंत्रण कक्षातल्या माणसाला कोणाची परवानगी लागते का, की तो आधी थांबवतो आणि मग विचारतो? १९५३ नंतर रेल्वेनंही नदीच्या वरच्या अंगाला पाण्याची पातळी कळवणारं यंत्र बसवलं होतं, ते टांगीवाई ताजं होतं म्हणून. स्मृती विटली की पहिली कात्री दुरुस्तीच्या पैशांना लागते. चर न खणल्याबद्दल जे सरकारला दोष देतात त्यांच्याशी माझं पटत नाही. पण दरवर्षीच्या अंदाजपत्रकात या यंत्रणेची ओळ कुठे आहे, असं त्यांनी विचारलं तर मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन.

आज खडकाच्या उंबरठ्यावर १९९६च्या राखेचा बांध नाही. तलाव पुन्हा जुन्या सांडव्यावरून वाहतो. पुढचा मोठा उद्रेक नवी राख टाकेल, आणि तलाव भरायला पुन्हा काही वर्षं लागतील. गेल्या वेळी तेवढ्या वर्षांतली बरीचशी वाद घालण्यात गेली. या वेळी त्या वर्षांच्या पहिल्या उन्हाळ्यात बांधाची उंची मोजायला माणसं वर गेली पाहिजेत, आणि टांगीवाईच्या फाटकाची मोटर त्याच आठवड्यात उघडून पाहिली पाहिजे.